सातवी शिकलेल्या काकू आणि १२८ प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या काकू अमेरिकेहून कराडला आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत नातवंडांचे फोटो होते, सुनेने दिलेले बदाम होते आणि एक दोनशेपानी वही होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी वही घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "तू बी.ए. झालीस ना इतिहास घेऊन? मग मला हे शिकव," म्हणाल्या. वही उघडली तर सगळं इंग्रजी, पण देवनागरीत लिहिलेलं. 'व्हॉट इज द सुप्रीम लॉ ऑफ द लँड?' आणि खाली 'द कॉन्स्टिट्यूशन'. पानंच्या पानं अशी. मुलाने फोनवर सांगितलं आणि काकूंनी उतरवून घेतलं होतं. वयाच्या ६९ व्या वर्षी त्या अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणार आहेत.

तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल. मुलगा किंवा मुलगी तिकडे, आईवडील निम्मं वर्ष इकडे निम्मं तिकडे. त्यांना आपण 'काय मज्जा आहे बाई' म्हणतो आणि विषय संपवतो. मीही तेच करत होते. ही वही हातात आल्यावर मात्र कळलं की या येण्याजाण्यामागे केवढं गणित आहे, आणि त्यात बायका कुठे अडकतात.

गोष्ट अशी. तिकडे नागरिक झालेल्या, २१ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला आपल्या आईवडिलांना कायमचं बोलावता येतं. त्यांना ग्रीन कार्ड मिळतं. काका-काकूंना ते २०१८ मध्ये मिळालं. हे कार्ड म्हणजे तिथे राहायचा परवाना, पण तो राहणाऱ्यासाठी आहे, पाहुण्यासाठी नाही. वर्षभर बाहेर राहिलं आणि आधी परवानगी घेतलेली नसली, तर कार्डच धोक्यात. नागरिकत्वासाठी अर्ज करायचा असेल तर सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तरी प्रश्न निघतात. म्हणून काकू नेहमी साडेपाच महिन्यांत परततात. इकडे पुतण्याचं लग्न असो की बहिणीचं आजारपण, तिकिटाची तारीख आली की निघायचं. शाळेतल्या हजेरीसारखं झालंय ते.

पाच वर्षं अशी काढली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर इंग्रजीतली परिपत्रकं वाचली, टिपणं लिहिली. त्यांनी अर्ज केला आणि २०२४ मध्ये पहिल्या झटक्यात पास झाले. काकू तेव्हा म्हणाल्या, "तुमचं आधी होऊ दे, मग माझं बघू." हे वाक्य आपण बायका किती गोष्टींत म्हणतो! या वेळी ते त्यांना महागात पडलं. का ते सांगते.

परीक्षेचे दोन भाग असतात. एक इंग्रजीचा: एक वाक्य वाचून दाखवायचं, एक ऐकून लिहायचं, आणि मुलाखतीत अधिकाऱ्याशी बोलायचं. वाचायला आणि लिहायला तीन-तीन संधी, त्यात एक जमलं तरी चालतं. दुसरा भाग त्या देशाच्या इतिहासाचा आणि राज्यकारभाराचा, आणि तोही तोंडी. काका बसले तेव्हा यादीत १०० प्रश्न होते. त्यातले जास्तीत जास्त १० विचारायचे, ६ बरोबर आले की पास. ही पद्धत २००८ पासूनची. मध्ये डिसेंबर २०२० मध्ये ती बदलून १२८ प्रश्नांची केली होती, सरकार बदललं आणि मार्च २०२१ पासून जुनी परत आली. २० ऑक्टोबर २०२५ पासून जे अर्ज करतील त्यांना पुन्हा १२८ प्रश्नांची यादी लागू झाली. आता २० पर्यंत प्रश्न विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. बारा झाले की थांबतात, आणि नऊ चुकले तरी थांबतात. काकूंचा अर्ज गेला नोव्हेंबर २०२५ मध्ये. महिनाभर आधी गेला असता तर शंभरांची यादी, दहा प्रश्न.

कुणी म्हणेल, दहात सहा काय आणि वीसात बारा काय, साठ टक्केच ना! कागदावर बरोबर आहे. पण समोर अनोळखी गोरा अधिकारी, त्याचे नाकातले उच्चार, आणि आपली सत्तरीला टेकलेली काकू. तिला दुप्पट वेळ त्या खुर्चीत बसवायचं हे साठ टक्क्यांत कुठे मोजणार?

वयाची सवलत नाही का, हा माझा पहिला प्रश्न होता. आहे, पण कुणासाठी ते बघा. वय पन्नासच्या वर आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं झालेली, किंवा वय पंचावन्नच्या वर आणि १५ वर्षं झालेली, तर इंग्रजी माफ. इतिहासाचे प्रश्न मात्र द्यावेच लागतात, फक्त आपल्या भाषेत, दुभाष्याच्या मदतीने. वय ६५ च्या वर आणि २० वर्षं झाली असतील तर यादीही छोटी: वीसच प्रश्न पाठ करायचे, त्यातले दहा विचारतात, सहा आले की झालं. ऐकायला दयाळू वाटतं. पण आपले आईवडील ग्रीन कार्डावर जातात कधी? निवृत्ती झाली, नातवंडं झाली की. म्हणजे साठीच्या आसपास. काकू गेल्या ६१ व्या वर्षी. इंग्रजी माफ व्हायला त्यांना ७६ वर्षांचं व्हावं लागेल आणि छोट्या यादीसाठी ८१ चं. ही सवलत तरुणपणी जाऊन तिथल्या कारखान्यांत, शेतांत, हॉटेलांत राबलेल्यांसाठी केलेली आहे. त्यांना ती मिळायलाच हवी. पण म्हातारपणी गेलेल्यासाठी, ज्याला नवी भाषा शिकणं सगळ्यात अवघड, त्याच्यासाठी या नियमांत जवळजवळ काहीच नाही. मला हा सगळ्यात मोठा दोष वाटतो.

दुसरे देश असं करत नाहीत. कॅनडात ५५ वर्षं पूर्ण झाली की ना भाषेची अट ना परीक्षा. ऑस्ट्रेलियात साठीला परीक्षेतून सुटका होते. इंग्लंडमध्ये पासष्टीला. तिथे जाऊन किती वर्षं झाली हे या सवलतीसाठी कुणी विचारत नाही, फक्त वय बघतात. म्हणजे काकूंचा मुलगा टोरांटोला असता तर काकूंच्या बॅगेत ही वही नसती.

आता कुणी विचारेल, ज्या देशाचं नागरिक व्हायचं त्याची भाषा नको का यायला? यायला हवी. आपल्याकडेही परदेशी माणसाला नागरिकत्व घ्यायचं तर आठव्या अनुसूचीतल्या एखाद्या भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं, हे आपल्या १९५५ च्या कायद्यात आहे. तिथे लेखी पेपर नाही इतकंच. मला भाषेचं वावडं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. काका आणि काकू एकाच घरात ४५ वर्षं राहिले. एकाच विमानाने गेले. परीक्षा तीच. पण काकांना ती दोन महिन्यांत जमली आणि काकू अजून अल्फाबेट गिरवतायत. कारण काकूंची शाळा सातवीला सुटली. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून. काका हुशार आणि काकू मंद असं नाही. शंभर माणसांचा स्वयंपाक त्या कागद न घेता मनात मोजतात. परीक्षा आज होतेय, पण ज्याची परीक्षा होतेय ते साठ वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. शिवाय तिकडे गेल्यावर काका लायब्ररीत जायचे, बसने फिरायचे, लोकांशी बोलायचे. काकू नातवंडं सांभाळायच्या. मुलांची मुलाखत मराठीत, स्वयंपाक मराठीत, टीव्ही मराठीत. सात वर्षं अमेरिकेत राहून त्या कराडच्या बाहेरच पडल्या नाहीत म्हणा ना!

असो. आम्ही शिकायला बसलो. सुरुवातीला मी चुकलेच. यादी घेतली आणि पाठ करून घ्यायला लागले, आपण पाढे म्हणून घेतो तसं. चार दिवसांत काकूंचं सगळं एकमेकांत मिसळलं. शंभर म्हणजे सिनेटर, ४३५ म्हणजे हाउसमधले प्रतिनिधी, २७ म्हणजे घटनादुरुस्त्या, तेरा म्हणजे झेंड्यावरचे पट्टे... "अगं, हे काय मटक्याचे आकडे आहेत का?" म्हणून त्यांनी वही मिटली. मग मी गोष्ट सांगायला सुरुवात केली. तेरा पट्टे का? कारण आधी तेरा वसाहती होत्या, इंग्रजांच्या ताब्यातल्या. इंग्रज म्हटल्यावर काकू सावरून बसल्या. "म्हणजे आपल्यासारखंच की!" हो, ४ जुलै १७७६ ला त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सिनेट म्हणजे आपली राज्यसभा समजा, पण तिथे प्रत्येक राज्याला दोनच माणसं, राज्य मोठं असो की लहान. पन्नास राज्यं, दोन दोन, झाले शंभर. मार्टिन ल्यूथर किंगचं नाव आलं तेव्हा सांगितलं, हे गांधीजींना मानणारे, १९५९ साली भारतात येऊन गेलेले. सुसान अँथनी यांनी बायकांच्या मतासाठी आयुष्य घातलं. अमेरिकेत घटनेत दुरुस्ती होऊन तो हक्क मिळाला १९२० साली, म्हणजे त्या गेल्यानंतर चौदा वर्षांनी. आपल्या मुंबई इलाख्यात बायकांना मर्यादित मताधिकार मिळाला १९२१ साली. काकू म्हणाल्या, "एकाच वर्षाचा फरक? मग त्या कसल्या पुढारलेल्या!" ते उत्तर आता त्या जन्मात विसरणार नाहीत. आमच्याकडे हे ऐकत बसले होते. त्यांनी विचारलं, "आपल्या घटनेत किती दुरुस्त्या झाल्या सांगा बरं दोघी?" मला सांगता आलं, पण फक्त एवढ्यासाठी की २०२३ ची महिला आरक्षणाची १०६ वी होती.

लिहिण्यात वेगळीच अडचण निघाली. आपल्या देवनागरीत मोठी अक्षरं-छोटी अक्षरं हा प्रकारच नाही. काकू एक तर सगळं मोठ्या अक्षरांत लिहायच्या किंवा सगळं छोट्या. त्यांना वाटायचं एक अक्षर चुकलं की नापास. तसं नसतं. अर्थ कळत असेल तर स्पेलिंगची आणि मोठ्या-छोट्या अक्षरांची थोडी चूक धरत नाहीत. हे कळल्यावर त्यांचा हात सुटला. रोज किराण्याच्या यादीखाली इंग्रजीत एक वाक्य लिहायचं असं ठरवलं. कानासाठी नातीला कामाला लावलं. ती तिकडून रोज पाच प्रश्न आपल्या आवाजात फोनवर पाठवते, तिच्या अमेरिकन उच्चारात. माझ्या इंग्रजीवर तयार झालेला कान त्या अधिकाऱ्यापुढे उपयोगाचा नाही, हे मी मान्य करते.

पण खरी परीक्षा या यादीत नाहीच, ती अर्जात आहे. हे मला काकांनी सांगितलं. मुलाखतीत अधिकारी अर्जातलेच प्रश्न परत विचारतो, आणि त्यावरूनच तुम्हाला इंग्रजी बोलता-समजतं का ते ठरवतो. बरेच प्रश्न 'हॅव यू एव्हर' ने सुरू होणारे. तुम्ही कधी असं केलंय का, तसं केलंय का. आणि आपल्या बायकांची सवय काय? मोठा माणूस काही विचारतोय, कळलं नाही, तर हसून मान डोलवायची आणि 'येस येस' म्हणायचं. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे. इथे ते घातक आहे. एक प्रश्न आहे, अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत तुम्ही कधी मतदान केलंय का? नागरिक नसताना तिथे मत देणं गुन्हा आहे. मी हा प्रश्न विचारला तर काकू ठसक्यात म्हणाल्या, "येस! एकदाही चुकवलं नाही." त्यांच्या डोळ्यांपुढे कराडचं मतदान केंद्र. मला घामच फुटला. दुसरा प्रश्न, जगात कुठेही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? काकूंना आठवलं, वडील लाल बावट्याच्या मोर्च्याला जायचे. लगेच ती सगळी हकीकत सुरू. मी म्हटलं, काकू, वडील गेले होते, तुम्ही नाही. प्रश्न तुमच्यापुरता आहे, तेवढंच खरं सांगायचं. तिसरा, कायद्याने गरज पडली तर देशासाठी शस्त्र हाती घ्याल का? "मी? बंदूक? या गुडघ्यांनी?" हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण हा शब्द त्यांना तिथेच पहिल्यांदा ऐकू आला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

म्हणून आम्ही एक वाक्य सगळ्यात आधी घोटलं. 'प्लीज रिपीट. आय डिड नॉट अंडरस्टँड.' परत विचारा म्हणण्यात कमीपणा नाही, त्याचे गुण जात नाहीत, अधिकारी सोपं करूनही विचारतात. काकूंना हे वाक्य म्हणायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शब्द अवघड नव्हते, 'मला कळलं नाही' हे परक्या माणसाला तोंडावर सांगायची सवय नव्हती.

ज्यांच्या घरी अशी आई आहे त्यांनी आणखी काही गोष्टी बघाव्यात. फोनवर फिरणाऱ्या याद्या जुन्या असतात. कुणाच्या अर्जाला शंभरांची आणि कुणाच्या १२८ ची लागू आहे ते अर्जाच्या तारखेवरून ठरतं. राष्ट्राध्यक्ष, आपल्या राज्याचे गव्हर्नर, सिनेटर यांची नावं निवडणुकीनंतर बदलतात, तेव्हा छापील पुस्तकातली उत्तरं घोटू नका. सरकारच्या नागरिकत्व खात्याने सगळे प्रश्न आणि वाचायचे-लिहायचे शब्द फुकट उपलब्ध करून दिलेत, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. अर्जाची फी मात्र भारी आहे: १ एप्रिल २०२४ पासून कागदी अर्जाला ७६० डॉलर, ऑनलाइनला ७१०. उत्पन्न कमी असेल तर ३८० मध्ये होतं. पहिल्यांदा नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात आणि जो भाग राहिला तेवढाच घेतात. दुसऱ्यांदाही गेला तर अर्ज फेटाळला जातो, मग नवा अर्ज, नवी फी.

स्मृतिभ्रंश झालेल्या, पक्षाघाताने बुद्धीवर परिणाम झालेल्या माणसाला परीक्षेतून सूट मिळू शकते. त्यासाठी तिथल्या डॉक्टरने किंवा मानसोपचार तज्ज्ञाने ठरावीक फॉर्म भरून द्यावा लागतो, आजारामुळे शिकणं का शक्य नाही ते समजावून. नुसतं 'वय झालं' किंवा 'शाळा शिकले नाहीत' हे कारण चालत नाही. ऐकू कमी येत असेल, चाकाची खुर्ची लागत असेल तर आधी कळवलं की सोय करतात.

तिथल्या सार्वजनिक वाचनालयांत, प्रौढांच्या शाळांत इंग्रजीचे आणि नागरिकत्वाचे वर्ग चालतात, पुष्कळ ठिकाणी फुकट. अशा वर्गांना २००९ पासून केंद्र सरकार अनुदान द्यायचं, ते २०२५ मध्ये बंद झालं. आता भार स्वयंसेवकांवर. पण काकूंसारखीला त्या वर्गापर्यंत नेणार कोण? तिला गाडी येत नाही, मुलगा-सून कामावर, आणि ती वर्गाला गेली तर नातवाला शाळेतून आणणार कोण? तिथल्या महाराष्ट्र मंडळांत गणपती, दिवाळी, नाटकं होतात, कौतुकच आहे. शनिवारी दोन तास आज्यांचा इंग्रजीचा वर्ग, मराठीतून शिकवलेला, आणि तेवढा वेळ नातवंडं दुसऱ्या कुणी सांभाळायची, हे जमवायला काय हरकत आहे?

एवढा अट्टहास कशासाठी, असंही तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. म्हातारे लोक सरकारी मदतीवर डोळा ठेवून नागरिक होतात असं तिकडे काही जण बोलतात. १९९६ साली बिल क्लिंटन यांच्या सहीने कायदा आला, त्याने नागरिक नसलेल्या वृद्धांची बरीचशी सरकारी मदत तोडली, तेव्हा अनेकांनी भीतीने अर्ज केले हे खरं आहे. पण काकूंचं कारण साधं आहे. काका आता ७४ चे. त्यांचं काही झालं तर? काकूंना कराडमध्ये सलग वर्षभर राहून बहिणीजवळ दुःख हलकं करता येणार नाही, कारण कार्ड. आणि कार्ड सोडलं तर मुलगा-नातवंडं दुरावणार. नागरिक झालं की हवं तितकं कराडला राहता येईल. म्हणजे गंमत बघा, घरी मनसोक्त राहता यावं म्हणून काकूंना परक्या देशाचं नागरिक व्हायचंय.

याची किंमतही आहे. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडे शपथ घेतली की इकडचं गेलं. पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड काढायचं. त्यावर कितीही वेळा यावं, कितीही राहावं. पण मत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते, वारशाने आलेली घेता येते. काकूंच्या माहेरची पाटणकडे वीस गुंठे आहे, सातबाऱ्यावर त्यांचं नाव भावांशी भांडून लागलेलं. "ते नाव कटेल का गं?" हे त्यांनी मला तीनदा विचारलं. कटत नाही. पण शपथ घेण्याआधी एकदा वकिलाला कागद दाखवा, शेजारणीच्या शब्दावर जाऊ नका, असंही मी त्यांना सांगितलं.

मतदार यादीतून नाव जाणार, याचं मात्र त्यांना वाईट वाटतंय. काकांनी कधीच यातलं काही बोलून दाखवलं नाही, पण २०२४ च्या विधानसभेला काकू मत द्यायला गेल्या तेव्हा काका केंद्राच्या बाहेर रिक्षात बसून राहिले होते.

मुलाखतीचं पत्र अजून आलेलं नाही. काकू रोज चार वाजता वही घेऊन येतात. परवा सोबत शेजारच्या दोघीजणी आल्या, अमेरिकेशी काही संबंध नसलेल्या. त्यांना इंग्रजीत सही करायला शिकायचीय.